घाट उतरून ससून डॉकला

लोणावळ्यात समुद्र नाही, पण नौदल आहे. आयएनएस शिवाजी हा तळ १९४५ सालापासून आमच्या डोंगरावर आहे आणि जहाजाच्या पोटातली यंत्रं सांभाळणारी माणसं तिथे तयार होतात. एवढ्या उंचावर नौदल कशाला, असं पाहुणे हसत विचारतात. त्यांना कार्ल्याला न्यावं. तिथल्या चैत्यगृहात एका खांबावर तो खांब दान करणाऱ्याचं गाव कोरलेलं आहे: सोपारा. म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं नावाजलेलं बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बंदरावरचा माणूस घाट चढून मावळात येत होता आणि दान देऊन जात होता. घाट आणि बंदर यांचा व्यवहार इतका जुना आहे.

हा व्यवहार दुसऱ्या टोकाकडून बघायचा असेल, तर कुलाब्याच्या ससून डॉकला पायी जावं असं माझं मत आहे. मुंबईच्या बंदराचा बराचसा भाग उंच भिंतींच्या आणि बंदुकधारी पहाऱ्याच्या आड असतो. नौदल गोदीच्या लायन गेटपाशी थांबून आत डोकावलं, तरी शिपाई पुढे व्हायला सांगतो. ससून डॉक मात्र अजून चालतं-बोलतं आहे आणि सामान्य माणसाला तिथे जाता येतं. ते बांधलं १८७५ साली, म्हणजे त्याला दीडशे वर्षं होऊन गेली.

आमच्याकडची मंडळी मुंबई बघायला जातात ती डेक्कन क्वीननं. साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, मग गेटवे, ताजसमोर फोटो, जमलं तर घारापुरीची लाँच, संध्याकाळी परत. या बेतात ससून डॉक बसत नाही, कारण साडेदहाला तिथला दिवस उतरणीला लागलेला असतो. डॉक बघायचं तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा आणि पहाटे पाचच्या आत कुलाब्याच्या रस्त्यावर असावं. मग उलट दिशेनं, बंदराकडून स्टेशनाकडे, चालत यावं.

डॉक कुठे आहे ते विचारावं लागत नाही. शहीद भगतसिंग मार्गावर, ज्याला अजून सगळे कॉजवेच म्हणतात, दक्षिणेकडे चालत राहिलं की आधी वास येतो, मग रस्ता ओला होतो, मग बर्फाचे टेम्पो आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका दिसायला लागतात. दाराशी घड्याळाचा दगडी मनोरा आहे. आत शिरलं की पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही. कळतं एवढंच, की आपण जिथे उभे आहोत तिथे उभं राहायचं नाही.

“ओ भाऊ, बाजूला व्हा!” हे वाक्य इथे नमस्कारासारखं वापरलं जातं. हातगाडीवाला, बर्फवाला, टोपलीवाला, सगळे घाईत असतात आणि त्यांची घाई खरी असते. मासळी उन्हाची वाट बघत नाही.

धक्क्याला बोटी एकीला एक लागून उभ्या असतात. लाकडी, रंगवलेल्या, डोलकाठीवर बावटे लावलेल्या. पहिल्या बोटीला धक्का मिळतो, मागच्या बोटीवरचा माल पुढच्या बोटीवरून येतो. आठ-दहा दिवस समुद्रात काढून आलेली बोट तळातल्या बर्फातून मासळी काढते. खाली उभा असलेला खलाशी भरलेली टोपली वर फेकतो, वरचा ती झेलतो, तिसऱ्याकडे देतो, तोपर्यंत रिकामी टोपली उलट्या दिशेनं खाली गेलेली असते. कुणी कुणाकडे बघत नाही आणि टोपली पडत नाही. बोटीचा मालक नाखवा, चालवणारा तांडेल, बाकीचे खलाशी. ही नावं कोळीवाड्याची, पण खलाशी आता सगळे कोळीवाड्यातले नसतात. बोटींवर आंध्र आणि उत्तर प्रदेशचीही बोली ऐकू येते.

माल धक्क्यावर ओतला की त्याचे ढीग लागतात. कोळंबीचे मोठे, आकारानुसार वेगळे. पापलेट, सुरमई, हलवा मानानं क्रेटमध्ये. माकुळ आपल्याच शाईत काळी झालेली. वाम, शिंगाळा, मुशी यांच्याकडे नवखा माणूस जरा लांबूनच बघतो. ढिगाभोवती पाच-सात व्यापारी जमतात आणि लिलाव सुरू होतो. लिलाव म्हटल्यावर मनात हातोडा आणि आरडाओरडा येतो. इथे तसं नाही. आकडा बोलणारा एकच आकडा भराभर उच्चारत राहतो, समोरचा मान हलवतो किंवा बोट वर करतो, आकडा थोडा सरकतो आणि एकदम सगळे पुढच्या ढिगाकडे जातात. सौदा झालेला असतो. कुणी घेतला, केवढ्याला घेतला, हे शेजारी उभं राहूनही मला एकदाही नीट कळलेलं नाही. मागे राहतो तो फावड्यानं बर्फ टाकणारा माणूस. त्याचं काम संपेपर्यंत ढीग गायब.

घेणाऱ्यांत मोठे व्यापारी असतात, तशा दोन पाट्या माल घेऊन आपल्या बाजारात बसणाऱ्या कोळणीही असतात. त्या चार-पाच जणी मिळून एक ढीग घेतात, तिथल्या तिथे वाटे करतात आणि टॅक्सी किंवा टेम्पो भरून निघतात. भाव करताना त्यांच्यापुढे दलालाची जीभ अडखळते. बाजारातली कोळीण गिऱ्हाइकाला ऐकवते हे सर्वांना माहीत आहे. तिनं ते कुठे शिकलं हे इथे कळतं.

लोणावळ्याचं नाव सांगितलं की या बायकांचा सूर बदलतो. एका मावशींनी मला कुठून आलात विचारलं. सांगितल्यावर हातातली पाटी खाली ठेवून म्हणाल्या, “म्हंजे आयच्या दारातलं तुम्ही!” कार्ल्याची एकवीरा ही कोळ्यांची आई. चैत्रातल्या यात्रेला मुंबई-रायगडचे कोळीवाडे कार्ल्याचा डोंगर चढतात, कुणी पालखी घेऊन चालत येतं, कुणी बस-टेम्पो करून. आम्हा लोणावळेकरांना त्या दिवसांत हायवेच्या कोंडीचीच जास्त काळजी. डॉकमधल्या बोटींच्या नाळेवर ‘आई एकवीरा’ रंगवलेलं वाचलं तेव्हा ती कोंडी मला जरा निराळी दिसायला लागली. मावशींनी मला कोळंबी बाजारभावापेक्षा स्वस्त दिली की नाही, हे ठरवायला मी असमर्थ आहे, पण बोलणं मात्र फुकट दिलं.

डॉकची खरी पोलादी बाजू बोटींवर नाही, शेडमध्ये आहे. कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा तिथे बसतात. बसायला बुटका पाट, पुढ्यात कोळंबीचा ढीग, बाजूला बर्फाच्या पाण्याचं भांडं. डाव्या हातात कोळंबी, उजव्या हाताच्या चिमटीत डोकं तुटतं, अंगठा पोटाखालून फिरतो, साल एका झटक्यात सुटतं, शेपटीला हलका दाब देऊन मांस अख्खं बाहेर येतं आणि पाण्यात पडतं. हे वाचायला जेवढा वेळ लागला त्यात तिच्या चार-पाच झालेल्या असतात. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसतो, बर्फाच्या पाण्यानं कातडी फुगून फाटते, म्हणून बोटांना चिंध्या किंवा रबराची टोपणं. पैसे सोललेल्या वजनावर. बोट येईल तशी पहाट सुरू होते, बोट नाही आली तर मजुरी नाही. हॉटेलात ‘प्रॉन्स’ म्हणून जो पदार्थ आपण मोजून खातो, त्यामागे हे हात असतात. मी सोलायला बसून बघितलं. शेजारणीनं दोन कोळंब्यांनंतर ती माझ्या हातातून काढून घेतली, मालाचा नास होतो म्हणून.

आता या डॉकचा मूळ मालक. ससून म्हटल्यावर पुणे जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटल येतं. घराणं तेच. डेव्हिड ससून हा बगदादचा यहुदी व्यापारी १८३२च्या सुमाराला मुंबईत आला, कापूस आणि अफू यांच्या व्यापारात अमाप श्रीमंत झाला आणि १८६४ साली पुण्यात वारला. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. हॉस्पिटल, वाचनालय, प्रार्थनामंदिरं ही त्या पैशाची एक बाजू. चीनला गेलेली अफू ही दुसरी. दानशूरपणाच्या पाट्या वाचताना ही दुसरी बाजू विसरू नये, एवढंच.

डॉक बांधलं त्याच्या मुलानं, अल्बर्ट अब्दुल्ला ससूननं. तोपर्यंत मुंबई बंदरात मोठी जहाजं मधोमध नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून, मचव्यांतून ने-आण होई. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. धक्क्याला लागलेलं जहाज ओहोटीला चिखलात बसायचं. गोदी म्हणजे दार लावता येणारा हौद: भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, बाहेर पाणी उतरलं तरी आत जहाज तरंगतं आणि माल सरळ धक्क्यावर उतरतो. पश्चिम हिंदुस्थानातली अशी पहिली गोदी ही. सरकारच्या पोर्ट ट्रस्टनं १८७३ साली जन्म घेतला होता, पण गोदी आधी एका व्यापाऱ्यानं बांधली आणि १८७९ साली ट्रस्टला ती विकत घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी ट्रस्टची स्वतःची प्रिन्सेस डॉक झाली, १८८८ला व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा. मोठी जहाजं उत्तरेकडे गेली. कुलाब्याच्या गोदीत हळूहळू मासळी आली आणि राहिली.

एका व्यापाऱ्याला समुद्रात हौद बांधावासा का वाटला, याचं उत्तर आमच्या घाटात आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते ६५च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. नेमक्या त्याच काळात, २१ एप्रिल १८६३ रोजी, बोरघाटाची रेल्वे सुरू झाली. त्याआधी गाडी खंडाळ्यापर्यंत यायची आणि प्रवासी पालखीतून नाही तर पायी घाट उतरायचे. माल बैलगाडीनं, १८३०च्या गाडीरस्त्यानं. रेल्वेनं पंचवीस बोगदे काढले आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ पत्करला. खंडाळ्याजवळ गाडीला तोंड फिरवून उलटं जावं लागे, ते १९२९पर्यंत चाललं. काम घेतलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्याबरोबर आजारानं गेला. त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, ठेका सोडला नाही आणि काम तडीस नेलं. हजारो मजूर या डोंगरात राबले. पटकी आणि तापानं त्यांतले किती तरी इथेच राहिले, त्यांची नावं कुठल्या खांबावर नाहीत. चिक्कीचा जन्म या मजुरांच्या गूळ-शेंगदाण्यांतून झाला असं आमच्याकडे सांगतात.

सगळा कापूस आमच्याच घाटातून उतरला असं म्हणणं मात्र गावाचा अभिमान झाला, इतिहास नाही. वऱ्हाड-खानदेशाचा कापूस इगतपुरीच्या थळघाटातून यायचा. बोरघाटानं सोलापूरकडचा, दख्खनचा माल उतरवला. दोन्ही घाटांचा कापूस कुलाब्याच्या वखारींत येऊन पडायचा. तिथेच कापसाचा बाजार भरे. पुढे तो शिवडीकडे हलला, तिथल्या स्टेशनाचं नाव कॉटन ग्रीन. कुलाब्याला त्या काळी रेल्वेचं टर्मिनसही होतं, ते १९३०च्या अखेरीला बंद झालं. आज कुलाब्यात ना कापूस आहे ना स्टेशन. राहिली ती गोदी.

डॉकमधून बाहेर पडलं की दक्षिणेला थोडं चालून अफगाण चर्च बघून यावं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलं, १८५८ साली उपासनेसाठी खुलं झालं. त्याचा उंच मनोरा बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडायचा. त्याच्याही पलीकडे, जमीन संपते तिथे खडकावर प्राँग्ज दीपगृह आहे, तेही १८७५चंच. तिकडे नौदलाची वस्ती आहे आणि वाटेल तसं फिरता येत नाही. कुलाब्यात एक वेधशाळाही होती, १८२६पासून. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेनं चुंबकीय मोजणी बिघडणार म्हणून ती मोजणी १९०४ साली अलिबागला नेली. ट्राम १९०७ला धावली. १९१५पासून मुंबईला वीज आली ती वळवण, शिरवता आणि लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी खोपोलीला पाडून. म्हणजे आमच्या पावसानं मुंबईच्या गिरण्या चालवल्या. हे मुंबईकरांना सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.

परत फिरून उत्तरेला लागावं. कुलाबा मार्केटमध्ये डॉकची मासळी तासाभरात दुप्पट भावानं भेटते. भूक लागलेली असतेच. ऑलिंपियात खिमा-पाव आणि चहा, किंवा शाकाहारी असाल तर रस्त्यावर कुठेही इडली. समोरच्या बाजूला लिओपोल्ड, १८७१चं, भिंतीवर २६ नोव्हेंबर २००८च्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवलेल्या. परदेशी पर्यटक त्या खुणांचे फोटो घेतात, मला ते कधी जमलं नाही. खुसरो बाग ही पारशी वसाहत बाहेरूनच बघायची. कॉजवेच्या फुटपाथवर कानातले, पितळी होकायंत्रं, जुन्यासारखी केलेली नवी घड्याळं. होकायंत्र घेऊ नका, उत्तर दाखवत नाही. हा कॉजवे १८३८ साली बांधला, त्याआधी कुलाबा हे भरतीला तुटणारं बेट होतं. आता त्यावरून चालताना समुद्र कुठल्या बाजूला आहे हे गल्लीतून वारा आला तरच कळतं.

अशाच एखाद्या गल्लीतून उजवीकडे वळलं की अपोलो बंदरचा कठडा लागतो. डावीकडे ताज, १९०३चं. पुढे गेटवे. त्याची पायाभरणी १९१३ साली झाली आणि उद्घाटन १९२४ला. वास्तुकार जॉर्ज विटेट. राजाच्या भेटीच्या स्मरणार्थ उभारलेल्या या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण निघून गेली. समोर शिवछत्रपतींचा पुतळा १९६१पासून उभा आहे. हे सगळं छान आहे, पण डॉक बघून आल्यावर गेटवेचा धक्का मला रिकामा वाटतो. इथे उतरतात-चढतात ती फिरायला निघालेली माणसं. रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीवरून रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वाद बराचसा गर्दीचा होता. लोणावळ्याच्या माणसाला यात काही नवल नाही. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्याला घर असलेल्यांना विचारा.

पुढचा रस्ता सोपा. रीगल, म्युझियम, काळा घोडा. तो मूळ घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, अल्बर्ट ससूननंच दिलेला. १९६५ साली तो राणीच्या बागेत गेला आणि आता चौकात स्वार नसलेला नवा घोडा आहे. शेजारी डेव्हिड ससून लायब्ररी, १८७०ची. तिथून हुतात्मा चौक आणि सीएसएमटी. डॉकपासून स्टेशनापर्यंत सगळं मिळून चारेक किलोमीटर. थांबत थांबत दुपार होते.

आमचं गाव लोक बघायला येतात ते गाव आहे. म्हणून पाहुण्यानं कसं वागू नये, हे आम्हाला चांगलं ठाऊक. २०१७ साली ससून डॉकच्या जुन्या गुदामांत मोठं कलाप्रदर्शन भरलं, भिंती रंगल्या, शहरातली तरुण मंडळी प्रथमच आत आली. चांगलंच झालं. पण तेव्हापासून डॉककडे ‘स्पॉट’ म्हणून बघणारेही वाढले. सोलणाऱ्या बाईच्या तोंडापुढे मोबाइल धरायचा आणि नाकाला रुमाल लावून म्हणायचं, किती ऑथेंटिक! तिची मजुरी वजनावर आहे, तुमच्यासाठी मान वर केली तर तिची कोळंबी कमी होते. डॉक ही कामाची जागा आहे आणि मुंबईतल्या ज्या थोड्या जागा अजून जमिनीच्या भावाला पुरून उरल्या त्यांपैकी एक आहे. समुद्राकाठची अशी जागा मासळीसाठी किती दिवस राहील, याची चिंता तिथले लोक उघड बोलून दाखवतात. तिथे गर्दी करून ती आणखी अडचणीची करू नये.

तर जाणाऱ्यांसाठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका, बांधलेल्या बोटी आणि विणली जाणारी जाळी एवढंच दिसेल. नारळी पौर्णिमेनंतर जा. जुने, घसरणार नाहीत असे बूट घाला, ते परत आल्यावर घराबाहेरच राहतील. कॅमेरा काढण्याआधी दारावर विचारा, माणसाचा फोटो घ्यायचा तर त्या माणसाला विचारा. नुसतं बघून येऊ नका, काही तरी विकत घ्या. आणि मासळी घेऊन परतणार असाल तर बर्फ भरपूर घ्या, डब्यात खिडकीजवळ बसा. घाट चढेपर्यंत सहप्रवासी सहन करतात, पुढे नाही.